युद्धकाळातले नागपूर मॉडेल रेल्वेवर उभे करायचे आहे : गाड्या आणि माणसे कुठून मिळवावीत?

मोतीबाग_आऊटर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, साधारण १९४२ ते १९४५ या वर्षांतले नागपूर मॉडेल रेल्वेच्या रूपात उभे करण्याचा विचार आहे. घरात जागा आहे ती भिंतीलगतच्या सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद पाटापुरती, आणि त्यापेक्षा अधिक जागा मिळेल अशी घरच्यांची मनःस्थिती नाही.

परदेशी कॅटलॉग चाळले, तर ‘युद्धकाळ’ म्हटल्यावर मुख्यतः दोनच गोष्टी समोर येतात : जर्मनीची ५२ वर्गातील ‘क्रीग्सलोक’ इंजिने आणि ब्रिटनची ‘ऑस्टेरिटी’. रोको, मार्कलिन यांनी काढलेल्या त्या जर्मन इंजिनांच्या प्रतिकृती देखण्या आहेत यात वाद नाही. परंतु मूळची सहा हजारांहून अधिक इंजिने बनली तरी त्यातले एकही वर्ध्याच्या बाजूने धूर सोडत नागपुरात शिरले नाही. सैनिकांच्या बाबतीतही हीच अडचण आहे. जर्मन आणि अमेरिकन सैनिक हवे तितके मिळतात, पण कामठीच्या छावणीतून स्टेशनावर आलेला आपल्याकडचा जवान आणि त्याची ट्रंक उचलणारा हमाल कुठेच दिसत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की, एवढ्या जागेत कोणते माप निवडावे, कोणत्या तयार गाड्या थोड्याफार फेरफाराने चालू शकतील आणि माणसांची सोय कशी करावी? ‘जे मिळेल ते लावा, पाहणाऱ्याला काय कळते’ असा सल्ला मात्र कृपया देऊ नये. पाहणारे नागपूरचे आहेत, त्यांना कळते.

खडीवाले_काका

आधी रुळांच्या रुंदीचा हिशेब करून घ्या. तो न करता केलेली कोणतीही खरेदी पुढे गळ्यात पडते.

बाजारात सर्वाधिक सामान मिळते ते एचओ मापात, म्हणजे १:८७ या प्रमाणात. त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो आणि तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरासाठी, बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे १:८७ मध्ये तो १९.२६ मिलिमीटर व्हायला हवा. पावणेतीन मिलिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, परंतु गाडी समोरून पाहिली की रुंद डब्याखाली अरुंद रूळ लगेच नजरेत भरतो. ब्रिटिश ओओ मापात, म्हणजे १:७६ मध्ये, परिस्थिती आणखी बिकट आहे, कारण तिथे आपल्या ब्रॉडगेजला २२ मिलिमीटर लागतात आणि मिळतो तोच १६.५ चा रूळ. बहुतेक जण ही तडजोड स्वीकारतात. ज्यांना ती खुपते, त्यांना रूळ स्वतः जोडावा लागतो आणि प्रत्येक इंजिनाची चाके फाकवावी लागतात, जे सगळ्यांच्या आवाक्यातले काम नाही.

आता दुसरी बाजू पाहा. आपल्याकडच्या नॅरोगेजची रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ मध्ये ती होते ८.७६ मिलिमीटर, आणि एन मापाचा (१:१६०) सर्वत्र मिळणारा रूळ आहे ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचाही नाही. जगात इतकी नेमकी गाठ फार थोड्या गेजांची पडते आणि ती नेमकी विदर्भातल्या गेजची पडली आहे. शिवाय पेकोचा नऊ मिलिमीटरचा वळणाचा रूळ नऊ इंच त्रिज्येचाही मिळतो, म्हणजे दोन फूट रुंदीच्या पाटावर लहान गाडीला पूर्ण वळसा घालता येतो. ब्रॉडगेजच्या गाडीला तिथे वळणे शक्य नाही.

तुमचे नाव मोतीबाग, म्हणजे नागपूरच्या नॅरोगेजचे ठिकाण, आणि तुम्ही क्रीग्सलोक शोधत बसला आहात, याचेच मला नवल वाटते.

मोतीबाग_आऊटर

काका, टोमणा शिरसावंद्य. पण युद्धकाळ म्हणजे लष्करी गाड्या, आणि त्या तर ब्रॉडगेजवरून जात असणार. नॅरोगेजवर युद्ध कसे दाखवायचे?

खडीवाले_काका

मालातून दाखवायचे. बंगाल-नागपूर रेल्वेचे नॅरोगेजचे जाळे गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरपर्यंत आणि नागपूरहून छिंदवाडा व नागभीडपर्यंत पसरलेले होते. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांत मॅंगनीजच्या खाणी आहेत, आणि मॅंगनीजशिवाय पोलाद होत नाही, त्यामुळे युद्धाच्या काळात या खनिजाला किती महत्त्व आले असेल हे वेगळे सांगायला नको. छिंदवाड्याच्या बाजूला पेंच खोऱ्यातला कोळसा आहे. जंगलातले लाकूड आहे. हे सारे रणगाड्यांइतके चित्तवेधक नसेल, पण युद्ध यांच्यावरच चालते.

माझी सूचना अशी आहे की, संपूर्ण पाटाचा विषय एकच ठेवा : गेज बदलाचे माल यार्ड. एका बाजूला ब्रॉडगेजच्या वाघिणी (मालडबे) उभ्या आहेत, दुसऱ्या बाजूला नॅरोगेजची गाडी येऊन लागली आहे, आणि मध्ये दगडी फलाटावरून हमाल पाठीवर माल वाहून इकडून तिकडे नेत आहेत. या मांडणीचा सर्वांत मोठा फायदा असा की, ब्रॉडगेज तिथे फक्त उभे असते. जी गाडी चालायचीच नाही, तिच्यासाठी १९.२६ मिलिमीटरचा खरा रूळ घालायला तुम्हाला जेमतेम दोन-तीन फूट काम करावे लागेल. नऊ फुटांचे ब्रॉडगेज स्लीपर १:८७ मध्ये साडेएकतीस मिलिमीटरचे होतात. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या त्या लांबीच्या कापा, प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मध्यभागी खरवडून तोडा आणि त्यावर रूळ डाग देऊन बसवा. चाकेही चिकटवून टाकली तरी चालतात. दोन्ही गेज शेजारी-शेजारी आणि दोन्ही योग्य मापात असे दृश्य तयार लेआउटांत सहसा पाहायला मिळत नाही.

अजनी_शेड

काकांची कल्पना उत्तम आहे, पण ब्रॉडगेजवर इतक्या सहजासहजी पाणी सोडू नये असे मला वाटते. युद्धकाळातील भारतीय रेल्वेचा खरा पाहुणा म्हणजे अमेरिकेहून आलेली इंजिने. एडब्ल्यूडी, एडब्ल्यूई आणि कॅनडातून आलेली सीडब्ल्यूडी ही २-८-२ रचनेची (आकडे अनुक्रमे पुढच्या, मधल्या आणि मागच्या चाकांचे) मोठी इंजिने युद्धाच्या शेवटच्या वर्षांत आली. बाल्डविन कंपनीने बांधलेले एडब्ल्यूई वर्गातले ‘विराट’ रेवाडीच्या शेडमध्ये आजही जपलेले आहे. एडब्ल्यूसी वर्ग म्हणजे तर अमेरिकन सैन्याच्या एस-१६० या प्रसिद्ध २-८-० इंजिनाचीच ब्रॉडगेज आवृत्ती. त्यामुळे एस-१६० ची परदेशी प्रतिकृती कधी हाती लागली, तर वरचा भाग बराचसा तयार मिळतो.

ज्यांना जुन्या ब्रिटिश वळणाचे इंजिन हवे आहे, त्यांनी बॅकमनने ओओ मापात काढलेले रॉबिन्सन यांचे २-८-० पाहावे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी याच नमुन्याची ५२१ इंजिने बांधली गेली होती. आपल्याकडच्या बेसा नमुन्याच्या, म्हणजे भारतासाठी ठरवलेल्या ब्रिटिश प्रमाण आराखड्यांच्या, मालगाडीच्या इंजिनांशी त्याचे तपशील जुळत नाहीत, पण चाकांची रचना तीच आणि ठेवणही त्याच घराण्यातली असल्यामुळे यार्डाच्या टोकाला उभे केलेले ते खटकत नाही. मोठा पुढचा दिवा आणि गाय अडवणारी जाळी मात्र बसवावीच लागेल, कारण त्याशिवाय ते भारतातले वाटणार नाही.

बंगाल-नागपूरची खरी शान म्हणजे गॅरेट, एका बॉयलरखाली पुढे-मागे चाकांचे दोन संच असलेले जोडइंजिन. एन वर्गातले ८१५ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पण ४-८-०+०-८-४ असे ते धूड सहा फुटांच्या पाटावर आणले, तर गाडीसाठी जागाच उरणार नाही. त्याचा मोह टाळावा.

बर्डी_जंक्शन

मला एक युक्ती सांगायची आहे, जी वाघिणींच्या बाबतीत फार उपयोगी पडते. ब्रिटिश वाघिणी आपल्याकडच्या मानाने अरुंद असतात, हे सर्वांना माहीत आहे. नऊ फूट रुंदीचा ब्रिटिश डबा १:७६ मध्ये बनवला की प्रतिकृतीची रुंदी ३६ मिलिमीटर होते. हीच ३६ मिलिमीटरची वस्तू १:८७ ची आहे असे समजून मोजली, तर तिची मूळ रुंदी सव्वादहा फूट निघते, आणि आपल्या ब्रॉडगेजच्या डब्याला ती शोभून दिसते. म्हणजे जुन्या हॉर्नबी किंवा बॅकमनच्या ओओ मापातल्या चार चाकी वाघिणी, ज्या वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात, त्या १:८७ च्या नागपूर यार्डात ब्रॉडगेजच्या वाघिणी म्हणून उभ्या करता येतात. दरवाजे आणि ब्रेकचा दांडा तेवढे तपासावेत, कारण त्यांच्या आकारावरून प्रमाण उघडे पडते. दरवाजाची उंची खटकली तर नवा दरवाजा पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून कापून वरून चिकटवता येतो.

अक्षरांबद्दलही सांगतो. त्या काळी वाघिणी एका रेल्वेच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत सर्रास जात असत. त्यामुळे नागपूरच्या यार्डात केवळ ‘जीआयपी’ (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) आणि ‘बीएन’ (बंगाल-नागपूर) एवढीच अक्षरे लावण्याचे कारण नाही. निजामाच्या रेल्वेची, मद्रास अँड सदर्न मराठाची, ईस्ट इंडियनची आणि नॉर्थ वेस्टर्नचीही एखादी वाघीण त्यात मिसळावी. १९२९ साली बल्लारशाह आणि काझीपेठ यांच्यामधला दुवा पूर्ण झाल्यावर दिल्ली-मद्रास हा मार्ग नागपूरवरून सरळ झाला होता, हे लक्षात घेतले की ही सरमिसळ मुद्दाम केल्यासारखी वाटत नाही.

कामठीकर

सैनिकांसंबंधी लिहितो, कारण बाकीच्या गोष्टींत मला गती नाही.

एअरफिक्स कंपनीचा ‘एट्थ आर्मी’ हा प्लास्टिकच्या सैनिकांचा संच सर्वांत जवळचा आहे. उत्तर आफ्रिकेत त्या सैन्यात चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती, आणि खाकी ड्रिलचा शर्ट, अर्धी चड्डी, १९३७ च्या नमुन्याचे पट्टे आणि पसरट लोखंडी टोप हा पोशाख भारतातल्या छावण्यांतही दिसत असे. मात्र १९४३ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालेली तुकडी दाखवायची असेल, तर खाकीऐवजी जंगली हिरवा रंग घ्यावा लागेल. त्यामुळे तुमच्या देखाव्याचे साल आधी ठरवा, मग रंगाची बाटली उघडा.

डोक्यावरच्या वस्त्राबाबत विशेष काळजी घ्यावी. भारतीय सैनिक म्हटला की सरसकट पगडी चढवण्याची परदेशी सवय आपण उचलू नये. शिखांची पगडी वेगळी, पंजाबी मुसलमानांची कुल्ल्यावर बांधलेली आणि तुरा असलेली वेगळी, गुरख्यांची एका बाजूने वळवलेली हॅट वेगळी, आणि लोखंडी टोप घातलेले तर सगळ्याच पलटणींत होते.

आपल्या गावाशी जोडलेली एक गोष्ट या देखाव्यात यावी अशी माझी फार इच्छा आहे. महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण कामठीत उभारली गेली. टोपीवरच्या बिल्ल्यात तेव्हा कोरेगावचा स्तंभ होता. १:८७ मध्ये तो बिल्ला म्हणजे सुईच्या टोकाचा पितळी ठिपका, त्यावर स्तंभ कोणाला दिसणार नाही. तरी तो ठिपका द्यावा. नागपूर स्टेशनावर गाडीची वाट पाहणारी ही तुकडी कोणत्याही तयार संचात मिळणार नाही, आणि म्हणूनच ती करण्याजोगी आहे.

खडीवाले_काका

कामठीकर, माहिती मोलाची आहे, पण एअरफिक्सच्या मापाबद्दल सावध करतो. त्या संचांच्या डब्यावर कधी १:७६ तर कधी १:७२ लिहिलेले असते. पाच फूट सात इंचांचा माणूस १:८७ मध्ये साडेएकोणीस मिलिमीटरचा होतो, १:७६ मध्ये साडेबावीसच्या आसपास आणि १:७२ मध्ये साडेतेवीसच्या पुढे. उलट हिशेब केला, तर १:८७ च्या यार्डात उभा केलेला १:७६ चा सैनिक सहा फूट चार इंचांचा आणि १:७२ चा जवळजवळ पावणेसात फुटांचा दिसेल. नॅरोगेजच्या डब्याशेजारी तो उभा केला, तर डबा जत्रेतल्या पाळण्यासारखा वाटेल. मोठ्या मापाची माणसे पाटाच्या अगदी पुढच्या कडेला, गाडीपासून लांब ठेवता येतात, आणि तिथे उलट खोलीचा आभास वाढतो. फलाटावर मात्र १:८७ चीच हवीत.

वाहनांची चिंता नाही. रोकोच्या मिनिटँक्स मालिकेत जीप आणि लष्करी ट्रक १:८७ मध्येच मिळतात. ऑक्सफर्ड डायकास्टची लष्करी वाहने सुंदर असतात, परंतु ती १:७६ ची आहेत, ती घेऊ नका.

रंगरेषा

या धाग्यावर आतापर्यंत सैनिक आणि इंजिने यांचीच चर्चा चालली आहे, म्हणून थोडे वेगळे लिहिते. युद्धकाळातल्या नागपूर स्टेशनावर बहुसंख्य माणसे सैनिक नव्हती. नऊवारी नेसलेल्या बायका, धोतर-टोपीतले शेतकरी, संत्र्यांच्या करंड्या घेऊन बसलेले व्यापारी, पोलीस, तिसऱ्या वर्गाच्या डब्याकडे पळणारे प्रवासी, ‘हिंदू पानी’ आणि ‘मुसलमान पानी’ अशा वेगवेगळ्या माठांपाशी उभे असलेले पाणीवाले, ही त्या काळाची खरी ओळख आहे. रेल्वेच ‘गरज असेल तरच प्रवास करा’ असे जाहिरातींतून लोकांना सांगत होती, आणि तरीही गाड्यांत पाय ठेवायला जागा नसे. दहा सैनिक आणि रिकामा फलाट अशी मांडणी केली, तर तो कोणत्याही देशातला कोणताही फलाट होईल.

ही माणसे तयार मिळत नाहीत, पण घडवता येतात. प्रायझर कंपनीचे १:८७ चे बिनरंगी संच घ्यावेत. ते रंगवलेल्या संचांपेक्षा बरेच स्वस्त पडतात. त्याहून स्वस्त हवे असेल, तर वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना मॉडेलचे सामान पुरवणाऱ्या दुकानांत पांढऱ्या प्लास्टिकची छोटी माणसे मिळतात. त्यांची नाके-डोळे ओबडधोबड असतात, परंतु गर्दीच्या मागच्या ओळीला ती पुरतात.

नऊवारीसाठी लांब स्कर्ट घातलेली बाई घेऊ नये, पॅंट घातलेली घ्यावी, कारण कासोट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसायला हवेत. पॅंटच्या कडा कानसीने घासून गोल कराव्यात. मग टिश्यू पेपरचा एकच पदर सोलून घ्यावा, त्याची सहा-सात मिलिमीटर रुंदीची पट्टी कापावी आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून ओल्या ब्रशने कमरेभोवती बसवावी. पट्टीचे टोक पायांमधून मागे नेऊन खोचावे. हे सुईने करावे, चिमट्याने कागद फाटतो. उरलेली पट्टी छातीवरून आणि डोक्यावरून घ्यावी. वाळल्यावर कागद कडक होतो आणि त्याच्या चुण्या रंगात उठून दिसतात. धोतरही याच रीतीने होते. मुंडासे आणि पगडीसाठी एम-सीलची मऊ वळी केसाइतकी बारीक लाटून डोक्याभोवती दोन वेढे द्यावेत आणि ओली होईस्तोवर सुईच्या टोकाने तिच्यावर तिरप्या रेघा ओढाव्यात. हमालाला लाल सदरा, पण तो गडद विटकरी रंगाचा द्यावा. डबीतून काढलेला शुद्ध लाल इतक्या लहान आकारात खेळण्यासारखा चमकतो.

बाटलीतला काळा आणि पांढरा रंग या मापावर जवळजवळ वापरूच नये. पांढऱ्या धोतराला फिकट राखाडी-पिवळसर छटा द्यावी. उन्हात धुतलेले, धुळीत बसलेले कापड तसेच दिसते.

कामठीकर

ताई, वरच्या परिच्छेदात ‘ओली होईस्तोवर’ ऐवजी ‘ओली असेस्तोवर’ हवे होते ना? एम-सील वाळल्यावर रेघा उठणार नाहीत.

रंगरेषा

होय, ती ओली असतानाच रेघा ओढायच्या आहेत. वीसेक मिनिटे हातात असतात, नागपूरच्या मे महिन्यात त्याहूनही कमी.

मोतीबाग_आऊटर

सर्वांचे मनापासून आभार. विचार पक्का होत चालला आहे : १:८७, गेज बदलाचे यार्ड, नॅरोगेज चालते आणि ब्रॉडगेज उभे. आता दोन प्रश्न उरतात. नॅरोगेजचे इंजिन कोणते आणि कुठून आणावे? आणि परदेशातून मागवल्यास जकातीचे काय? एका परदेशी विक्रेत्याकडून मागवलेले पार्सल मला फुटलेल्या अवस्थेत मिळाले होते आणि वर जकातही भरावी लागली होती, त्यामुळे धास्ती बसली आहे.

बर्डी_जंक्शन

जकातीचे आधी. मॉडेल रेल्वे ही जकातीच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षाखाली येते. खेळण्यांवरची मूळ जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर नेण्यात आली. वैयक्तिक वापरासाठी टपालाने आलेल्या वस्तूंना वेगळे शीर्ष लागू होऊ शकते, म्हणून मागवण्याच्या दिवशीचा दर स्वतः पाहून घ्यावा. जकात मालाच्या किमतीसोबत टपालखर्चावरही बसते, त्यामुळे जड वस्तू मागवणे परवडत नाही. माझा सल्ला असा आहे की, रूळ, चाके आणि मोटर असलेला इंजिनाचा सांगाडा एवढेच बाहेरून आणावे. इमारती, वाघिणींचे वरचे भाग, झाडे, खडी यांपैकी काहीही मागवण्याची गरज नाही. माणसांचे संच वजनाला हलके असतात, ते त्याच पार्सलात येऊ द्यावेत.

अजनी_शेड

इंजिनाबद्दल मी लिहितो. युद्धकाळातले तयार नॅरोगेज इंजिन म्हणून बॅकमनचे बाल्डविन १०-१२-डी हे कोणीतरी सुचवेलच, तेव्हा त्याचा विचार आधीच करू. हे ४-६-० टाकी-इंजिन पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या खंदकांपर्यंत दारूगोळा पोहोचवण्यासाठी ब्रिटिशांनी अमेरिकेकडून बांधून घेतले होते, एकूण ४९५. युद्धानंतर त्यांतली काही भारतात आली आणि उत्तरेतल्या साखर कारखान्यांत राबली. म्हणजे भारतीय नाते खरे आहे. परंतु मूळ इंजिन ६०० मिलिमीटर गेजचे आहे, प्रतिकृती १:७६ ची आहे आणि बंगाल-नागपूरच्या मार्गांशी तिचा संबंध नाही. घरी शोभेला जरूर ठेवावी, मोतीबागेत चालवू नये.

आपल्याला हवे आहे ते सीसी वर्गातले ४-६-२. सातपुड्याच्या या मार्गांवर ही नॉर्थ ब्रिटिश कंपनीची इंजिने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून दीर्घकाळ धावली, त्यामुळे युद्धकाळासाठी ती निःसंशय योग्य आहेत. तयार प्रतिकृती मिळण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. एन मापाचे ४-६-२ किंवा २-६-२ असे चालू स्थितीतले जुने इंजिन घ्यावे, वरचा भाग काढून टाकावा आणि त्याच्या सांगाड्यावर नवा साज चढवावा. चाकांचे गणितही जमते. पाच फुटांचे चाक १:१६० मध्ये साडेनऊ मिलिमीटरचे असते, आणि तेच १:८७ मध्ये मोजले तर सुमारे ८३० मिलिमीटरचे होते, जे नॅरोगेजच्या इंजिनाखाली अजिबात विचित्र दिसत नाही.

वरचा साज रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर छापून घ्यावा. नागपुरात आता दंतवैद्यक आणि दागिन्यांच्या कामासाठी असे प्रिंटर वापरणारे लोक आहेत, आणि ०.०५ मिलिमीटरचा थर दिला की रिव्हेटचे ठिपकेसुद्धा स्पष्ट येतात. बॉयलर उभा छापावा, आडवा छापला तर गोलाईवर पायऱ्या दिसतात. रंग काळा, पण बॉयलरच्या माथ्यावर राखेची आणि टाकीच्या कडेला चुनखडीच्या पाण्याची पांढुरकी छटा हवी. युद्धाच्या वर्षांत इंजिन चकचकीत ठेवायला कोणाला सवड होती?

खडीवाले_काका

मापे घेण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही. कडबी चौकाजवळच्या मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेले. तिथली वाफेची इंजिने आणि डबे जवळून पाहता येतात. पुस्तकातल्या आराखड्यात जे सापडत नाही ते तिथे सापडते : कोळशाच्या फावड्याची जागा, पायरीची झिजलेली कड, कपलिंगची जमिनीपासूनची उंची. मापपट्टी ठेवूनच फोटो काढा, म्हणजे नंतर संगणकावर प्रमाण काढता येते. छिंदवाडा मार्गावरची नॅरोगेज २०१५ मध्ये आणि नागभीडची २०१९ मध्ये थांबली, त्यामुळे प्रत्यक्ष रुळावरचे रूप पाहायचे असल्यास आता लोकांच्या जुन्या फोटोंवरच भिस्त आहे. ज्यांच्या घरी असे फोटो आहेत, त्यांनी या धाग्यावर टाकावेत ही विनंती.

मॅंगनीजच्या मालासाठी रंगवलेली वाळू वापरू नका. खाणीच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेले खडे सहज मिळतात. एखादा खडा जाड कापडात गुंडाळून हातोडीने फोडावा, चहाच्या गाळणीतून चाळावा आणि गाळणीत राहिलेले कण वाघिणीत भरावेत. खऱ्या खनिजाची निळसर काळी चमक कोणत्याही रंगाने येत नाही. वाघीण काठोकाठ मात्र भरू नये, कारण मॅंगनीज जड असते आणि आकाराने थोडा दिसणारा ढीगच वजनाची मर्यादा गाठतो. कोळशाची वाघीण आणि मॅंगनीजची वाघीण यांतला हा फरक अनेक लेआउटांवर चुकलेला असतो.

कामठीकर

साल ठरवण्याचा मुद्दा पुन्हा काढतो, कारण तो टाळला जात आहे. ऑगस्ट १९४२ निवडले, तर चित्र पूर्णपणे बदलते. त्या महिन्यात नागपुरात आंदोलन पेटले होते आणि १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी इथे जमाव आणि पोलीस यांच्यात जो रक्तपात घडला तो सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवसांतल्या यार्डात सशस्त्र पहारा, सिग्नल केबिनपाशी पोलीस आणि भिंतीवर घाईने पुसलेल्या घोषणा असायला हव्यात. गणवेशातले हिंदी सैनिक आणि गांधी टोपीतले हिंदी लोक एकाच फलाटावर, हे दृश्य दाखवणे कठीण आहे, पण त्याला बगल देऊन युद्धकाळातले नागपूर दाखवता येईल असे मला वाटत नाही.

दुसरा पर्याय १९४४ चा. १ ऑक्टोबर १९४४ रोजी बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीकडून सरकारकडे आली. त्याआधीचा उन्हाळा निवडला, तर कंपनीचा काळ, हिरव्या गणवेशातले सैनिक आणि गाड्यांवरचा ताण हे सारे एकत्र येते.

मोतीबाग_आऊटर

यावर बराच विचार केला. मे १९४४ निश्चित करतो. १९४२ चा देखावा चार-पाच माणसे इकडे-तिकडे उभी करून निभावण्यासारखा नाही. तो स्वतंत्रपणे, पुरेशा अभ्यासाने व्हायला हवा, आणि कामठीकरांनी तो हाती घेतल्यास मी रूळ घालून द्यायला तयार आहे. मात्र यार्डाच्या मागच्या भिंतीवर चुन्याने अर्धवट झाकलेली एक जुनी घोषणा ठेवणार आहे, कारण दोन वर्षांत चुना उडून खालची अक्षरे वर येतातच.

मांडणी अशी ठरवली आहे : डाव्या टोकाला नॅरोगेज पाण्याच्या टाकीपाशी येते, मध्ये साडेतीन फुटांचा माल फलाट, त्याच्या मागे ब्रॉडगेजच्या पाच उभ्या वाघिणी, आणि उजव्या कोपऱ्यात ट्रकमधून उतरणारी तुकडी. पाटावर पूर्ण वळसा घालत नाही. सीसीसारखे लांब इंजिन नऊ इंचांच्या वळणावर बाहेर लोंबेल, म्हणून गाडी मागच्या पडद्याआड जाईल आणि तिथून परत येईल. काका, फलाटाची उंची दोन्ही बाजूंना सारखी ठेवावी का? ब्रॉडगेजच्या वाघिणीचा तळ उंच आणि नॅरोगेजचा खाली आहे.

खडीवाले_काका

फलाट सपाट ठेवा आणि रूळ खाली-वर करा. ब्रॉडगेजच्या वाघिणीचा तळ फलाटाला लागेल असा तो रूळ बसवा, आणि नॅरोगेजचा रूळ त्याच हिशेबाने पाच-सहा मिलिमीटरच्या पट्टीवर उचलून घ्या. हमालाला ओझे घेऊन सरळ चालता आले पाहिजे. नेमकी उंची आकड्यांवरून ठरवू नका. दोन्ही वाघिणी आणि रंगरेषा ताईंच्या पद्धतीने केलेला एक हमाल तयार होऊ द्या, ते मधल्या फळीवर ठेवून पाहा, आणि मगच खडी चिकटवा. खडी एकदा फेव्हिकॉलमध्ये बसली की रूळ उचलताना स्लीपरसकट तुटतो.